फोल्डर वापरात आहे

आमचं ऑफिस ठाण्यात नौपाड्याला आहे, एका दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. माणसं मोजकीच. रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबसाठी आम्ही सॉफ्टवेअर बनवतो. पेशंटचं नाव भरायचं, तपासण्या निवडायच्या, नमुन्याच्या नळीवर चिकटवायचं लेबल छापायचं आणि शेवटी रिपोर्ट काढायचा, एवढंच ते करतं. त्याचा कोड लिहिणं हे माझं काम. गिऱ्हाइकाकडे जाऊन ते मशीनवर बसवणं हे माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्याचं काम. बरीच वर्षं आमची अशी वाटणी होती आणि ती दोघांच्याही सोयीची होती. मला लोकांशी बोलायचा कंटाळा, त्याला एका जागी बसायचा.

मग तो गेला. घोडबंदर रोडवरच्या एका मोठ्या कंपनीत त्याला नोकरी लागली. शेवटच्या दुपारी तो मला सगळं समजावून सांगायला बसला, मध्येच निरोपाचा केक आला, आणि राहिलं ते राहिलंच. त्याची सगळी गिऱ्हाइकं माझ्या गळ्यात पडली. मी मनातून चिडलेली होते. दिवाळीला त्याचा मेसेज आला तोही मी वाचून तसाच ठेवला.

त्या सकाळी साहेबांचा फोन आला तेव्हा मी डबा भरत होते.

"घोडबंदरच्या लॅबमध्ये लेबलवर वय चुकीचं छापून येतंय," ते म्हणाले. "तुम्ही काल दुरुस्त केलंत ना, ते नवीन व्हर्जन तिकडे टाकून या. दहा मिनिटांचं काम आहे. तुम्हाला तर जवळच. मानपाड्यालाच राहता ना?"

"सर, मी डोंबिवलीच्या मानपाड्याला राहते."

"हो का? अरेच्चा. मी त्यांना सांगून बसलो, मॅडम पाच मिनिटांत पोचतील."

एक मानपाडा घोडबंदर रोडवर आहे, लॅबच्या अगदी जवळ. दुसरा आमचा, डोंबिवलीच्या एमआयडीसीच्या बाजूचा. इतकी वर्षं एका ऑफिसात काम करून साहेबांना मी कुठल्या मानपाड्याहून येते हे माहीत नव्हतं. मी टॅक्सी मागवली. शिळफाट्याला अडकले, मुंब्रा बायपासला अडकले, आणि घोडबंदर रोडला लागल्यावर मेट्रोच्या खांबांखाली गाडी अशी काही थांबली की ड्रायव्हरने इंजिनच बंद केलं. वाटेत लॅबमधून फोनांवर फोन. "मॅडम, तुम्ही मानपाड्याहून निघालात ना? मग अजून कशा पोचला नाहीत?" प्रत्येक वेळी मी तेच समजावत होते आणि प्रत्येक वेळी पलीकडून कोणीतरी नवीनच बोलत होतं.

लॅबमध्ये शिरले तर सगळ्या खुर्च्या भरलेल्या. मालकीणबाई स्वतः डॉक्टर. त्यांनी सकाळीच सांगून ठेवलेलं, चुकीच्या वयाचं एकही लेबल छापायचं नाही, आधी सॉफ्टवेअर नीट करा. त्यात त्यांची काही चूक नव्हती. लहान मुलाच्या नळीवर म्हाताऱ्याचं वय गेलं तर रिपोर्टचा अर्थच बदलतो. पण त्यामुळे सकाळपासून एकाचंही रक्त घेतलेलं नव्हतं. उपाशीपोटी आलेले लोक तसेच बसून होते.

काउंटरवर एक बाई होत्या, माझ्याहून थोड्या लहान. सगळे त्यांना ताई म्हणायचे, मीही म्हणायला लागले. त्या उठल्या आणि मला खुर्ची दिली.

"या मॅडम. आता तुम्हीच वाचवा. सगळे माझ्यावर ओरडतायत."

काम खरंच दहा मिनिटांचं होतं. आमच्या सॉफ्टवेअरचं जुनं फोल्डर नाव बदलून बाजूला ठेवायचं, त्याच्या जागी नवीन ठेवायचं. जुनं पुसून टाकायचं नाही. काही बिघडलंच तर परत फिरता यावं, हा आमचा नियम. मी फोल्डरचं नाव बदलायला गेले आणि समोर चौकट आली: हे फोल्डर दुसऱ्या प्रोग्राममध्ये वापरात आहे, तो बंद करा आणि पुन्हा प्रयत्न करा.

आमचं सॉफ्टवेअर बंद केलं. तीच चौकट. आतल्या खोलीतला दुसरा संगणकही बंद करायला लावला. तीच चौकट. मग संगणकच बंद करून चालू केला. तो जुना, चालू व्हायला त्याला त्याचा वेळ लागतो. चालू झाला, सगळं शांत झालं, मी पुन्हा नाव बदलायला गेले. वापरात आहे.

कोण वापरतंय ते तरी सांग! ते मात्र ती चौकट सांगत नाही.

मशीनवर आत्ता काय काय चालू आहे त्याची यादी उघडली. पडद्यावर न दिसता मागच्या मागे चालणारे प्रोग्राम त्यात दिसतात. एकेक नाव वाचत खाली गेले आणि एका नावाशी थांबले. ते मी ओळखत होते, कारण आमच्या ऑफिसच्या प्रत्येक मशीनवर ते असतं. आम्ही कोड लिहिणारे एक सॉफ्टवेअर वापरतो. कोणी काय बदललं, कधी बदललं, सगळ्या जुन्या आवृत्त्या ते सांभाळून ठेवतं. त्याचंच हे पिल्लू. फोल्डरमधल्या फायली बदलल्या आहेत की नाहीत यावर ते सतत नजर ठेवतं आणि सगळं जागच्या जागी असलं की फोल्डरच्या चित्रावर एक हिरवी बरोबरची खूण काढतं. बस, एवढंच त्याचं काम. पण नजर ठेवण्यासाठी ते फोल्डर धरून बसतं आणि मग दुसऱ्या कोणाला हलवू देत नाही.

पण रक्त तपासायच्या लॅबमध्ये हे कशाला? उत्तर मला लगेच कळलं. नोकरी सोडून गेला त्यानेच बसवलं असणार. पेनड्राइव्ह घेऊन खेपा मारण्यापेक्षा इथूनच एक क्लिक, की नवीन आवृत्ती आपोआप डाउनलोड व्हायची. सोय चांगली होती. फक्त ती त्याच्या खात्यावर चालायची, आणि तो गेल्यावर साहेबांनी त्याचं खातं बंद केलेलं. म्हणजे सोय गेली आणि पहारेकरी तेवढा मागे राहिला.

मी त्या नावावर क्लिक करून ते बंद केलं. यादीतून नाव गेलं. हुश्श केलं आणि नाव बदलायला फोल्डर उघडलं. वापरात आहे. यादी पाहिली तर ते परत हजर. पुन्हा बंद केलं, पुन्हा आलं. किती वेळा केलं मला आठवत नाही. माऊसवरचं माझं बोट दुखायला लागलेलं. ताई मागे उभ्या राहून बघत होत्या.

"मॅडम, ते काढूनच टाका ना मशीनमधून."

"तेच करते."

काढायला गेले तर मशीनने पासवर्ड मागितला. ताईंना तो माहीत नव्हता. डॉक्टर मॅडमना माहीत नव्हता. मशीन पुरवणाऱ्या माणसाकडे होता आणि त्याचा फोन लागत नव्हता. मी साहेबांना फोन केला.

"मग फॉरमॅट मारा ना," साहेब म्हणाले.

"सर, पेशंटचा सगळा डेटा याच मशीनवर आहे."

"अच्छा. मग बघा तुम्ही काय ते. पण लवकर. मॅडमचा मला दोनदा फोन आला."

बघा तुम्ही काय ते! हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. मी काउंटरवर बसून दुसरं काय करत होते?

समोरच्या खुर्च्यांवर एक म्हातारं जोडपं होतं, तिथल्याच जुन्या गावातलं. म्हातारे उठून काउंटरपाशी आले.

"काय गो बाय, आजून कवरा येल? हिनी सकालपासून चाय पन नाय घेतली."

"होतंय काका. थोडंच राहिलंय," मी म्हटलं. खोटं होतं ते. किती राहिलंय हे मलाच माहीत नव्हतं.

त्यांच्या बायकोला साखरेचा आजार. उपाशीपोटीचं रक्त द्यायला आलेल्या. त्या भिंतीला डोकं टेकून बसलेल्या. थोड्या वेळाने हळूच म्हणाल्या, "मना गरगरतंय." म्हातारे घाबरले. पिशवीतून बिस्किटांचा पुडा काढला आणि तसाच हातात धरून उभे राहिले. खायला द्यावं तर इतका वेळ उपाशी बसणं वाया जाणार, न द्यावं तर ती पडणार.

ताईंनी एकदा डॉक्टरांच्या बंद दाराकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग ड्रॉवरमधून पांढरी चिकटपट्टी आणि पेन काढलं आणि रक्त घेणाऱ्या सिस्टरला म्हणाल्या, "चल गं, घे यांचं. मी हाताने नाव लिहिते."

"मॅडम ओरडतील."

"ओरडू दे. त्यांचं मी बघते."

ताईंनी म्हाताऱ्यांना विचारून नळीवर नाव लिहिलं, वय लिहिलं, परत वाचून दाखवलं. रक्त घेतलं गेलं आणि त्या माउलीने तिथल्या तिथे बिस्किटं खाल्ली. मग ताईंनी उपाशीपोटी आलेल्या बाकीच्यांनाही एकेक करून आत घेतलं. दार उघडून डॉक्टर बाहेर आल्या तेव्हा अर्ध्या खुर्च्या रिकाम्या झालेल्या.

"हे कोणाला विचारून केलंस?" त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं.

"कोणाला नाही मॅडम. त्या आजी पडल्या असत्या."

"आणि नळ्यांची अदलाबदल झाली तर? जबाबदार कोण?"

डॉक्टरांनी त्या हाताने लिहिलेल्या नळ्या एकेक उचलून पाहिल्या, परत ठेवल्या, आणि माझ्याकडे वळल्या. "तुमचं सॉफ्टवेअर आहे म्हणून हे चाललंय. दहा मिनिटं म्हणाले होते तुमचे साहेब."

सॉफ्टवेअर मी लिहिलं होतं, ते पिल्लू मी आणलं नव्हतं. पण हे त्यांना सांगून काय उपयोग? मी बाहेर पॅसेजमध्ये गेले आणि त्याला फोन लावला. ज्याच्या मेसेजला उत्तरही दिलं नव्हतं त्यालाच.

"अगं! बऱ्याच दिवसांनी," तो कुजबुजत म्हणाला. "मी मीटिंगमध्ये आहे. करू का नंतर?"

"नंतर नको. तुझ्या घोडबंदरच्या लॅबमध्ये उभी आहे मी. तू इथे जे बसवून गेलायस ना, ते फोल्डर सोडत नाहीये."

"ओह. थांब, बाहेर येऊन करतो."

मी थांबले. पॅसेजमध्ये एक पाण्याचा कूलर होता, त्यातही पाणी नव्हतं. त्याचा फोन येईपर्यंत मनातल्या मनात मी त्याला इतकं बोलून घेतलं की प्रत्यक्ष फोन आला तेव्हा बोलायला फारसं उरलंच नव्हतं.

"ते बंद केलंस का?" त्याने विचारलं.

"हजारदा. बंद करते, परत येतं."

"बंद केल्यावर तू काय करतेस?"

"काय म्हणजे? फोल्डर उघडून नाव बदलते."

"तिथेच तर आहे ना! तू फोल्डर उघडून बघतेस, बघताना तिथे हिरव्या खुणा दाखवायच्या असतात, म्हणून ते परत उठतं. उघडूच नकोस. काळी खिडकी उघड आणि कमांड टाइप करून नाव बदल. बघायचं नाही."

म्हणजे सकाळपासून मीच त्याला मारत होते आणि मीच त्याला उठवत होते. सुटलं का म्हणून बघायला जात होते आणि नेमकं बघण्यानेच ते पुन्हा धरून बसत होतं. आणि हे कशासाठी, तर एका हिरव्या खुणेसाठी, जी त्या लॅबमध्ये कोणालाही नको होती.

"आहेस ना?" तो म्हणाला.

"आहे. हे तू जाताना सांगायला नको होतंस?"

"सांगणार होतो. राहिलं गं."

"राहिलं," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

आत येऊन काळी खिडकी उघडली. टाइप करून पिल्लू बंद केलं. आता नाव बदलायची कमांड टाइप करणार, तेवढ्यात डॉक्टरांनी आतून हाक मारली. कालचा एक रिपोर्ट कोणाला तरी तातडीने ईमेल करायचा होता. "मॅडम, दोन मिनिटं बसू?" ताईंनी विचारलं. मी खुर्ची सोडली. त्यांनी रिपोर्ट पाठवला, उठल्या, मी बसले, कमांड टाइप केली.

वापरात आहे.

मी टेबलावर हात आपटला. पेनांचा डबा आडवा झाला. "आता काय हात लावलात तुम्ही?" मी ताईंवर ओरडले. आवाज जरा जास्तच चढला. खुर्च्यांवर उरलेली माणसं बघायला लागली.

"मी काही केलं नाही हो," त्या म्हणाल्या. "फक्त रिपोर्ट अटॅच केला."

"कसा? मला करून दाखवा."

त्यांनी बिचकत करून दाखवलं. ईमेल, अटॅच, आणि मग फाइल निवडायची छोटी खिडकी उघडली. त्या खिडकीत फोल्डरं ओळीने दिसत होती, आणि आमच्या फोल्डरवर ती हिरवी खूण.

मग सगळं उलगडलं. फोल्डर मी उघडलं काय किंवा फाइल निवडायला ताईंनी उघडलं काय, त्या पिल्लाला दोन्ही सारखंच. दिवसभर इथे रिपोर्ट अटॅच होत राहणार, डॉक्टरांची चिठ्ठी स्कॅन होऊन जोडली जाणार, आणि दर वेळी ते उठून बसणार.

"सॉरी ताई," मी म्हटलं. "तुमची काही चूक नाही. आता फक्त एक करा. मी सांगेपर्यंत या मशीनला कोणालाही हात लावू देऊ नका. मॅडमनाही नाही."

"मॅडमनाही?"

"मॅडमनाही."

त्या खरोखरच काउंटरच्या आडव्या उभ्या राहिल्या. मी दोन्ही कमांड एका ओळीत लिहिल्या, आधी ते बंद कर आणि लगेच नाव बदल, मध्ये श्वास घ्यायलाही जागा नाही. एंटर दाबलं. कुठलीच चौकट आली नाही. खात्री करायला फोल्डर उघडावं म्हणून माझा हात माऊसकडे गेला, तो मी मागे घेतला. नवीन फोल्डरही टाइप करूनच जागेवर ठेवलं. मग आमचं सॉफ्टवेअर चालू केलं आणि ताईंना म्हटलं, एक लेबल छापा.

लेबल छापून आलं. वय बरोबर होतं. ताईंनी ते नळीवर चिकटवलं, हाताने लिहिलेल्या पट्टीच्या शेजारी, आणि दोन्ही नावं जुळतात का ते पाहिलं. मग दुसरं, मग तिसरं. एकही नळी इकडची तिकडे झालेली नव्हती.

डॉक्टर बाहेर आल्या. "झालं? काय होतं?"

मी शक्य तितक्या सोप्या शब्दांत सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे दोन ओळी टाइप करायच्या होत्या फक्त."

"हो," मी म्हटलं. "दोनच."

आणखी काही बोलले असते तर वाईट बोलले असते. ताईंना त्या काही म्हणाल्या नाहीत, ना चांगलं ना वाईट. मी निघाले तेव्हा ताई मला खालपर्यंत सोडायला आल्या. टपरीवर आम्ही दोघींनी चहा घेतला. त्यांचाही सकाळपासून झाला नव्हता.

"मॅडम रागावल्या तरी नोकरी जाणार नाही माझी," त्या म्हणाल्या. "दुसरी कोण मिळणार आहे त्यांना या पगारात?" आणि स्वतःच हसल्या. मला हसू आलं नाही. मला त्यांच्या वतीनेही राग आलेला होता.

परतीच्या गाडीत असताना त्याचा फोन आला. "झालं का?"

"झालं. तुझं ते अटॅच करतानाही उठतं, माहितीये?"

"नाही. ते मला नव्हतं माहीत." तो खरंच चकित झाल्यासारखा वाटला. मग जरा थांबून म्हणाला, "तेव्हा बाबांचं डायलिसिस चालू होतं गं. सारखं सारखं लॅबमध्ये जाणं जमत नव्हतं म्हणून ते बसवलेलं. साहेबांना बाबांचं सांगितलं नव्हतं, मग रजाच मागावी लागली असती."

शेजारच्या खुर्चीवर बसून मला हे माहीत नव्हतं. तो नेहमीसारखाच दिसायचा, पेनड्राइव्ह बोटांत फिरवत.

"बाबा कसे आहेत आता?" मी विचारलं.

"गेले. मी ऑफिस सोडायच्या आधीच."

राग गेला होता असंही नाही. तो तसाच होता, फक्त त्याचं करायचं काय ते कळत नव्हतं. "मला सांगायचंस रे," एवढंच म्हणाले.

"हं. बरं ऐक," तो म्हणाला, "कल्याणच्या लॅबमध्येही तेच बसवलंय मी. तिथे पण अडकेल."

संध्याकाळी साहेबांचा फोन आलाच. "मॅडम म्हणत होत्या, अख्खी सकाळ वाया गेली. आता कल्याणला पण हेच व्हर्जन टाकायचंय. उद्याच जाऊन या. तुम्हाला जवळ पडेल."

"जाईन सर. पण आधी तिथल्या मशीनचा पासवर्ड माझ्या हातात पाहिजे. तो मिळाल्याशिवाय मी घरून निघणार नाही."

"एवढं काय त्यात?"

"आज सकाळी त्यातच सगळं होतं सर."

या स्वरात मी साहेबांशी कधी बोलले नव्हते. मग ते म्हणाले, बघतो. पासवर्ड दुसऱ्या दिवशी काही आला नाही. मीही गेले नाही. रोज ते विचारायचे, गेलात का, आणि मी रोज विचारायचे, पासवर्ड आला का. अखेर त्यांनी स्वतः त्या लॅबच्या मालकांना फोन करून तो मिळवला आणि मला पाठवला.

कल्याणला मी सकाळी गेले, त्याने बसवलेलं ते सॉफ्टवेअर पिल्लासकट काढून टाकलं, नवीन फोल्डर ठेवलं, एक लेबल छापून पाहिलं. काउंटरवरचा माणूस फोनवर कोणाशी तरी वाद घालत होता. माझं झालं तरी त्याचा वाद संपला नव्हता. मी त्याला खुणेनेच सांगितलं, झालं, आणि रिक्षा शोधायला बाहेर पडले.